ऑलिव्ह ग्रीन सोडून कुठलाही रंग

जुना मिलिटरी ट्रक घ्यायचा असेल तर आधी विकणाऱ्याची भाषा शिकून घ्यावी. ‘थोडा गंज आहे’ म्हणजे केबिनमध्ये बसल्यावर पायाखाली गवत दिसतं. ‘इंजिन फ्री आहे’ म्हणजे कुणीतरी पंखा हाताने फिरवून पाहिला आणि पंखा फिरला. पट्टा घसरत होता ही गोष्ट वेगळी. ‘बॅटरी टाकली की चालू’ म्हणजे बॅटरीबरोबर वायरिंग, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरही तुम्हीच टाकायचे. आणि ‘पेपर काय, होऊन जातील’ म्हणजे पेपर नाहीत.

पुणेकराला ही बाधा होण्याला कारण आहे. खडकी-देहूरोडच्या रस्त्यांवर शक्तिमान आणि निस्सान एक-टन बघत मोठा झालेला माणूस भंगाराच्या आवारात तोच चेहरा दिसला की विरघळतो. शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९पासून जबलपूरला बनलेला डिझेल ट्रक. निस्सान एक-टनही जबलपूरचाच. त्याचं ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जोंगा या लष्करी जीपलाही तेच, म्हणून नवख्याने निस्सान घ्यावा असं माझं मत आहे. इंजिनाचे पार्ट मिळायला दोन दारं उघडी राहतात. शक्तिमान त्याहून मोठा. तो ठेवायचा कुठे हा प्रश्न गंजाच्याही आधी येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर विचारूच नका. तिथे पाहुण्यांच्या स्कूटरवरून सर्वसाधारण सभा बोलावली जाते.

पैसे देण्याआधी कागद बघा. लष्कराने निकाली काढलेल्या गाड्या लिलावात ‘जशी आहे, जिथे आहे’ तत्त्वावर जातात, बहुधा लॉटने, आणि लॉट उचलतो भंगारवाला. आरटीओत नोंदणीला लष्करी अधिकाऱ्यांचं नमुना २१मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. त्यावरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. चासी नंबर रंगाच्या चार थरांखाली असतो. पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रश घेऊन जा. ग्राइंडर लावलात तर रंगाबरोबर नंबरही जाईल आणि मग तुमच्याकडे ट्रकच्या आकाराचं शोभेचं झाड राहील. विक्री वाहन म्हणून झाली आहे की भंगार म्हणून, ती ओळही शोधून वाचा. लष्करी पाटीवरच्या, बाण काढलेल्या नंबरावर भाळू नका. ती लष्कराची नोंद, आरटीओच्या लेखी तुमची गाडी अजून जन्मायची आहे.

कुणीतरी हमखास सांगतो, ‘अहो, व्हिंटेजमध्ये टाका की!’ २०२१च्या नियमांत ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो, २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत. पण ती सोय दुचाकींना आणि माणसं नेणाऱ्या खासगी चारचाकींना आहे. ट्रक मालवाहू वर्गात मोडतो. त्याने गेल्या ४० वर्षांत कबुतरांशिवाय काहीही वाहिलं नसलं, तरी.

आणि रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे हुड बांधायच्या दोरीची गाठसुद्धा मिलिटरी पद्धतीची हवी म्हणून तुम्ही जिवाचं रान करणार, आणि शेवटी गाडीला रंग द्यायचा तो वाळूचा, करडा, नाहीतर दुधाच्या टँकरचा.

आता गंज. बघायला जाताना छोटी हातोडी, जाड पेचकस, टॉर्च आणि लोहचुंबक खिशात ठेवा. चासीवर हातोडी मारत जायचं. ‘ठण्ण’ आलं तर पुढे, ‘भद्’ आलं तर तिथे पेचकस टोचा. चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. दिसणाऱ्या गंजाला घाबरू नका. बॉनेटवरचा तांबडा थर घासला की जातो. घातक गंज दोन पट्ट्यांच्या मध्ये बसतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. रिव्हेट मारलेल्या जोडात पाणी शिरलं की तो आतून फुगतो, पट्ट्या एकमेकींपासून दूर ढकलतो आणि शेवटी रिव्हेटचं डोकं उडवतो. स्प्रिंगचे हँगर, केबिनचे माउंट, बॅटरीच्या पेटीखालचा भाग आणि काचेच्या चौकटीची खालची कड एवढं नीट पाहिलंत तर गाडी कळली. बाकी पत्रा आहे, भोसरीत वाकवून मिळतो.

इंजिन जाम निघालं तर विकणाऱ्याचे डोळे पाण्याने भरतात आणि किंमत उतरते. यात तुमचा फायदाच आहे. उभ्या गाडीत एखाद-दुसरा व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यातून पावसाळी हवा शिरते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरतात. सगळे प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून अर्धा कप ओता आणि आठवडाभर गप्प बसा. हे शेवटचं काम सर्वांत अवघड, कारण रोज कुणीतरी ‘स्टार्टर मारून बघू या का’ म्हणतो. मारू नका, रिंग गिअरचे दात जातील. क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून दोन्हीकडे हलकेच रेटायचं. केसभर हलली तरी जिंकलात. मोकळी झाल्यावर पूर्ण फिरवण्याआधी प्लगच्या भोकांवर फडकं टाका, नाहीतर ते काळं मिश्रण थेट तुमच्या तोंडावर. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा.

गाडी सुरू होणं सोपं आहे, थांबणं महाग. लोक इंजिनाचा आवाज ऐकून पेढे वाटतात आणि ब्रेकचा विचार उतारावर करतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून खड्डे पडून जाम होतात. नुसतं नवं किट टाकलं तर रबर त्या खड्ड्यांवर घासून पुन्हा गळतं. सिलिंडर बोअर करून आत स्लीव्ह बसवून घ्या. जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचं सर्किट बहुधा एकच असतं, म्हणजे एका चाकाचा होज फुटला की सगळ्याच चाकांचा ब्रेक संपला. म्हणून रबरी होज सगळे एकदम बदला, ‘हा बरा दिसतोय’ म्हणून एकही ठेवू नका. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपाने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

पार्टसाठी नाना पेठ. काउंटरवर जाऊन ‘निस्सान एक-टनच्या पुढच्या हबचं ऑइल सील द्या’ म्हणालात की समोरचे काका वर न बघता विचारतात, ‘मॉडेल?’

‘मिलिटरीचं.’

‘मिलिटरीत जाऊन विचारा मग.’

इथे रागवायचं नाही. खिशातून जुनं सील काढून काचेवर ठेवायचं. काका चष्मा कपाळावरून खाली घेतात, सील रॉकेलच्या फडक्याने पुसतात, कडेवरचे तीन आकडे वाचतात, ६५-९०-१०, आणि मागे न बघता हात वर करून खोक्यातून नवं काढतात. ते एखाद्या ट्रॅक्टरचं असतं. सीलला गाडी कळत नाही, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कळते. बेअरिंगचंही तेच, कडेवरचा नंबर सांगा, गाडीचं नाव तोंडातून काढू नका. काढलंत तर काका सामानाऐवजी आठवणी देतात, आणि सुट्टे नसतात.

नटबोल्टला रविवार पेठेत बोहरी आळी. तिथे एक पथ्य. स्प्रिंग, स्टिअरिंग आणि प्रॉपेलर शाफ्टला डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलाच बोल्ट घ्या. कोऱ्या डोक्याचा बोल्ट बाकडं जोडायला ठीक. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ तेल टाका. जीएल-५मधली रसायनं पितळी रिंगा खाऊ शकतात. निचऱ्याच्या बोल्टवर करडा लगदा दिसला तर चालेल, चकाकणारे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडा. तेल ताकासारखं पांढुरकं निघालं तर आत पाणी आहे. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा आणि सगळे पाइप नवे टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.

चाकांच्या बाबतीत विनोद बंद. काही मिलिटरी गाड्यांची डिस्क दोन भागांची, बोल्टने जोडलेली असते, काहींना लॉक रिंग असते. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर डिस्कचा तुकडा तोफगोळ्यासारखा येतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच पाना हातात घ्या. भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात हवं.

ब्लास्टिंग, म्हणजे वाळूसारख्या कणांचा मारा करून गंज उडवणं, चासीचं आणि डिस्कचं करा. पातळ पत्र्यावर केलंत तर दरवाजा पापडासारखा वाकतो. आणि ते पावसाळ्यात करू नका. उघडं झालेलं लोखंड आपल्या जुलैत संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतं. ब्लास्टिंगवाला आणि पेंटर एकाच दिवशी मिळाले तरच काम काढायचं, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. दोघेही ‘उद्या नक्की’ म्हणतात, फक्त त्यांचे उद्या वेगवेगळे असतात.

पहिली फेरी कात्रजच्या घाटात नको. लोणी काळभोरच्या बाजूला सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर जा, थांबा आणि चारही हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एकच हब तापला असेल तर ब्रेक शू चिकटतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. तेवढ्यात दोन मोटारसायकली थांबतील. पहिला प्रश्न ‘किती देते?’ हाच असतो. आकडा सांगू नका, माणसं हळहळतात. दुसरा म्हणेल, ‘मांडवाचं सामान न्यायला देता का?’ अग्निशामक सीटखाली न ठेवता बाहेरून हाताला येईल असा लावा. केबिन पेटल्यावर सीट उचलायला कुणी थांबत नाही.

पन्नास किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा आवळायचे. यात एक गंमत आहे. बऱ्याच जुन्या ट्रकना डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. आपला पैलवान पान्याला पाच फुटी पाइप लावून ‘सुटत नाही हो’ म्हणत जोर करत असतो, आणि सोडतोय असं वाटताना तो ते आवळत असतो. शेवटी स्टड तुटतो, आणि तो स्टड काकांकडे नसतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर ठोकलेलं असतं, पण गंजाखाली. तेव्हा आधी तारेचा ब्रश, मग पाइप.