तुंब्याच्या फळाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

जैसलमेरच्या वाळवंटात काही दिवसांच्या पदभ्रमंतीला निघणाऱ्या नाशिकच्या भटक्या मंडळींच्या गटांमध्ये सध्या असा संदेश फिरत आहे, की वाटेत पाणी संपल्यास वाळूत उगवणाऱ्या तुंब्याच्या, म्हणजेच कडू इंद्रावणाच्या फळाचा गर खाऊन तहान भागवावी. हा सल्ला चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

हे फळ लहान कलिंगडासारखे दिसते आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते कलिंगडाचे जवळचे नातलगही आहे, त्यामुळे गैरसमज होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या गरात कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये असतात, ज्यांमुळे तीव्र, प्रसंगी रक्तमिश्रित जुलाब होऊन शरीरात उरलेले पाणीही निघून जाते. आयुर्वेदातही इंद्रावण तीव्र रेचक म्हणूनच ओळखले जाते.

थंडीच्या दिवसांतही कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो आणि पाणी किती गेले ते कळत नाही. म्हणून पुरेसे पाणी सोबत घ्यावे आणि पुढे ते कोठे मिळेल, हे स्थानिक वाटाड्याकडून निघण्यापूर्वीच पक्के करावे.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. आधीच पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा, कारण तेथे प्रथमच वाळवंटात जाणारे विद्यार्थीही आहेत.