अननोन, इंडिया

गेल्या शनिवारी अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, हातात बटाट्याच्या सॅलडची कागदी ताटली धरून, मी स्वतःला भिंतीवर शोधत होते. भिंतभर पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर माझ्या विहीणबाईंच्या घराण्याच्या सात पिढ्या. चौकोन, रेघ, चौकोन. सगळ्यात खाली माझी सून, तिच्या शेजारी माझा मुलगा. मुलाच्या डोक्यावर एकच चौकोन आणि त्यात दोनच शब्द: अननोन, इंडिया.

आणि त्या चौकोनासमोर मी उभी. वरमाय!

विहीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, माहिती भरलेली नसली की सॉफ्टवेअर आपोआप तसं छापतं. भरलेली नसली की! अहो, दहा दिवस मी तुमच्या घरात, तुमच्या शेजारच्या खोलीत झोपत होते. सकाळी एका टेबलावर चहा पीत होतो. दार ठोठावून विचारलं असतं तरी मी भरून दिली असती.

आता ते दहा दिवस मी काय करत होते तेही सांगते. आरसा धरत होते.

आमच्या सांगलीकडे अजूनही लग्नात वरमायेची ओटी भरतात, पाय धुतात, निदान फोटोपुरते तरी. इथे वरमाय भर जुलैत, दुपारी दोन वाजता, दफनभूमीतल्या तांबड्या मातीत, कपाटाच्या दाराएवढा आरसा छातीशी धरून उभी. त्याचं असं आहे की दीडशे वर्षांत संगमरवरावरची अक्षरं झिजतात. पण बाजूने तिरपं ऊन पाडलं की अक्षरांच्या खळग्यांत सावली धरते आणि वाचता येतं. दगड झाडाखाली असला तर ऊन आणायचं कुठून? आरशातून. विहीणबाई कॅमेरा घेऊन दगडासमोर बसायच्या आणि 'थोडं डावीकडे, अंहं, फार झालं, जरा खाली' असं मला फिरवायच्या. पूर्वी गच्चीवर चढून टीव्हीचा अँटेना फिरवायचो ना, तसं. फक्त अँटेनाला मुंग्या चावत नव्हत्या. तिथल्या लाल मुंग्यांना इंग्रजीत 'आगमुंग्या' म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याने हात राखूनच ठेवलं आहे.

एक मात्र बरं झालं. बायकांच्या दगडांवर कुणाची 'कन्सॉर्ट', कुणाची 'रेलिक्ट' असं कोरलेलं असतं. विहीणबाई मला हळू आवाजात, लहान मुलाला समजवावं तशा समजावू लागल्या: कन्सॉर्ट म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेली, रेलिक्ट म्हणजे नवऱ्यामागे उरलेली. मी म्हटलं, अहो, सौ. आणि गं. भा.! हे आमच्याकडे लग्नपत्रिकेवर छापतात, तुम्ही थडग्यावर छापता एवढंच. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, आरसा हलला.

नोंद सापडली नाही की विहीणबाईंचं एकच उत्तर: शर्मन. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती जनरल शर्मन १८६४च्या नोव्हेंबरात अटलांटा जाळून निघाला, तो डिसेंबरात समुद्रकाठी सव्हानाला पोचला. वाटेत त्याने बरंच काही जाळलं हे खरं. पण या घराण्यातलं जे जे हरवलं ते सगळं त्याच्याच नावावर. मला हसू येत होतं, पण हसायला तोंड नव्हतं. आमच्याकडे महापूर आहे. जुना कागद मिळेना की तो पुरात गेला. २००५च्या नाहीतर २०१९च्या, जो सोयीचा पडेल त्या. एका संध्याकाळी तर १८९०ची जनगणना मिळेना म्हणूनही शर्मनचा उद्धार झाला. ती कागदपत्रं वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत १९२१ साली लागलेल्या आगीपायी गेली. शर्मन त्याआधी तीस वर्षं, १८९१ सालीच वारला होता. म्हणजे माणूस मेल्यावरही कामाला होता.

हे मला सांगितलं तलाठीबाईंनी.

गावातल्या वाचनालयात मागच्या बाजूला एक वंशावळीची खोली आहे. तिथे आठवड्यातून तीन दिवस एक आजी फुकट काम करतात. वय ऐंशीच्या पुढे, बाहेर अंगाची लाही होत असताना आत एसीसाठी लोकरी स्वेटर, अंबाड्यात पेन्सिल. दारात पेन काढून घेतात, आत फक्त पेन्सिल. मी मनातल्या मनात त्यांचं नाव तलाठीबाई ठेवलं, कारण सातबारा शोधणाऱ्याकडे तलाठी जसा बघतो तशाच त्या प्रत्येकाकडे बघायच्या. आपली जमीन, पण मेहेरबानी त्यांची.

विहीणबाई यंत्रावर जुन्या नोंदींची फिल्म बघायला बसल्या, आणि तलाठीबाई माझ्याकडे वळल्या. "हू आर युअर पीपल?"

तुमची माणसं कोण! माझं काळीज एकदम निवलं हो. बत्तीस वर्षं मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं, पण त्या इंग्रजीत इतका आपला प्रश्न असेल असं वाटलं नव्हतं. सांगली स्टँडवर अनोळखी बाईदेखील हेच विचारते. कुठल्या तुम्ही? कुठले पाटील? मी पदर सावरून सांगितलं, "पाटील."

"ओ!" तलाठीबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे हायवेवरचं मोटेल तुमचं!"

"नाही. ते पटेल. आम्ही पाटील."

"तेच ते."

"तेच ते नाही. टी-आय-एल."

"हनी," त्या म्हणाल्या, "स्पेलिंगला इथे कुणी विचारत नाही. जनगणनेचा माणूस घोड्यावरून यायचा, कानाला ऐकू येईल ते लिहायचा, पुढच्या घरी जायचा. म्हणून तर साउंडेक्स काढलं." आणि अंबाड्यातली पेन्सिल निघाली. ही साउंडेक्स म्हणजे आडनावांची आवाजावरून लावायची वर्गवारी. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. "पी. ए गेला. टीला तीन. आय गेला. एलला चार. पुढे काही नाही, म्हणून शून्य. पी-३४०." मग त्याच्याखाली पटेल लिहिलं. पी, तीन, चार, शून्य. दोन्हींभोवती एक गोल काढला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "सेम फॅमिली."

मी सांगून पाहिलं. पाटील हे मुळात आडनावच नाही, हुद्दा आहे. गावचा सारा गोळा करणारा माणूस. आम्ही कृष्णाकाठचे, ते गुजरातेतले, मध्ये अख्खा सह्याद्री. आता खरं बोलायचं तर पटेलही तिकडचा गावचा मुखियाच, आणि दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळाच्या फांद्या, हे मला ठाऊक आहे. पण ते मी तिला सांगायला जाईन का? शत्रूच्या हातात दारूगोळा!

तलाठीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढे वाकून म्हणाल्या, "तुमच्या माणसांना सांगा, मोटेलातलं वॅफलचं मशीन ईस्टरपासून बंद आहे. माझी बहीण उतरली होती. आणि टॉवेल फार पातळ आहेत."

मी म्हटलं, "सांगते." काय करणार? त्यानंतर रोज सकाळी त्या मला विचारायच्या, सांगितलं का? चौथ्या दिवशी मी म्हटलं, सांगितलंय, नवीन मशीन मागवलंय. खोटं बोलले. पण त्या इतक्या खूश झाल्या की विहीणबाईंना दोन दिवस न मिळणारी इस्टेटीच्या कागदांची पेटी पाच मिनिटांत बाहेर आली.

त्याच पेटीतून निघालं की विहीणबाईंचे खापरपणजोबा आणि खापरपणजी सख्खे कझिन होते. खोलीत शांतता. विहीणबाई कानापर्यंत लाल. मी आपलं सहज विचारलं, "कुठले? चुलत, की आतेमामे?" तलाठीबाई म्हणाल्या, फरक काय? मी म्हटलं, फरक काय म्हणजे? आमच्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क असायचा. आतेमामे असतील तर वाजतगाजत करा, चुलत असतील तर ते बहीणभाऊ, नावसुद्धा काढू नका. त्यांच्या भाषेत दोघांना शब्द एकच. वर 'सेकंड कझिन, वन्स रिमूव्ह्ड'. रिमूव्ह्ड म्हणजे कुणी काढलं, कुठून काढलं, भाऊबंदकीच्या दाव्यात का? तलाठीबाईंनी माझं आते, मामे, चुलत, मावस पेन्सिलीने उतरवून घेतलं. विहीणबाईंनी नाही. त्या म्हणाल्या, चार्टवर हे दाखवायची गरज नाही.

चार्टवर काय दाखवायचं आणि काय नाही, हे त्यांचं पक्कं होतं. एक पणजी चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासींतली, राजकन्या होती, हे दाखवायचं. डीएनएसाठी लाळेची तपासणी झाली, अहवालात चेरोकी टिपूसभर निघाला नाही, आणि मुळात चेरोकींत राजकन्या असा प्रकारच नव्हता, असं तलाठीबाई म्हणाल्या. पण अशी एक राजकन्या तिथल्या घराघरांत आहे. मला नवल वाटलं नाही. आपल्याकडे ज्याला विचारावं त्याचा पूर्वज पेशव्यांच्या पदरी. सगळे एकदम हजर झाले असते तर शनिवारवाड्यात चप्पल काढायला जागा उरली नसती. गंमत पुढेच आहे: विहीणबाईंच्या घराण्याची पहिली जमीन मिळाली ती सरकारी लॉटरीत. पिंपात चिठ्ठ्या टाकायच्या, नाव निघेल त्याला जमीन. जॉर्जियात १८०५पासून अशा लॉटऱ्या झाल्या, आणि जमिनी होत्या क्रीक आणि चेरोकी लोकांच्या, त्यांना हुसकून काढलेल्या. म्हणजे चेरोकीची जमीनही आमची आणि राजकन्याही आमचीच.

एक दुपार मात्र वेगळी गेली. विहीणबाई १८६०ची जनगणना बघत होत्या, मी मागे उभी. पणजोबांचे आजोबा सापडले, बायको सापडली, मुलं नावानिशी. मग त्यांनी दुसरा तक्ता उघडला. डावीकडे त्याच आजोबांचं नाव, आणि त्याखाली नुसते आकडे. ३४, स्त्री. १२, पुरुष. ९, स्त्री. शेवटी सहा महिन्यांचं कुणीतरी. नाव एकालाही नाही. गुलामांच्या तक्त्यात माणसाची ओळख एवढीच: वय, लिंग, वर्ण. मी ओळी मोजायच्या आत विहीणबाईंनी पुढची फिल्म फिरवली आणि म्हणाल्या, आमचे लोक त्यांच्याशी चांगले वागायचे.

शेजारच्या टेबलावर एक काळी बाई बसली होती, मेकनहून आलेली, माझ्याच वयाची. १८७०वर अडकली होती. गुलामीतून सुटलेल्या माणसांना नावानिशी मोजणारी ती पहिली जनगणना. तिच्यामागे जायचं तर मालकाचं नाव धरून, मृत्युपत्रं, गहाणखतं चाळत जायचं, गुरांच्या आणि भांड्यांच्या यादीत आजी शोधत. तिने तलाठीबाईंना आडनाव सांगितलं. विहीणबाईंचं माहेरचं आडनाव. तलाठीबाईंनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई डोळे फिल्मवर ठेवून बसल्या. मीही काही बोलले नाही, पाहुणी होते. त्या बाईला मात्र तलाठीबाईंनी 'हू आर युअर पीपल' विचारलं नाही.

हे आठवलं की माझ्या 'अननोन'चा राग करायची मला लाज वाटायला हवी. वाटतेही. पण राग काही गेलेला नाही.

म्हणून शनिवारी तिथेच, हॉलच्या कोपऱ्यातून मी मिरजेला धाकट्या दिराला फोन लावला. आमच्याकडे हेळवी येतो. बैल घेऊन, चार-पाच वर्षांनी एकदा. अंगणात बसून घराण्याच्या पिढ्या धडाधड म्हणतो, धान्य आणि पैसे घेऊन जातो. मागच्या वेळी दिराने चोपडीचा फोटो काढून ठेवला होता. मिरजेत रात्रीचे साडेदहा वाजलेले, तरी बिचाऱ्याने पाठवला. नऊ पिढ्या! विहीणबाईंच्या सात. मग काय, टेबलावर मुलांसाठी ठेवलेला जांभळा मार्कर घेतला, 'अननोन' खोडलं आणि देवनागरीत लिहायला लागले. सहाव्या पिढीला कागद संपला, तर पोरांनी बशांखालचे कागद जोडून दिले. लिहिता लिहिता लक्षात आलं की सगळे बाप्येच आहेत. माझ्या नवऱ्याच्या नावाखाली 'पुत्र १', आणि संपलं. माझी मुलगी नाही, सासूबाई नाहीत, मी नाही. हेळव्याला दोन पायली ज्वारी मीच मोजून दिली होती.

मी मुलाच्या डोक्यावर आडवं, मोठ्या अक्षरात माझं नाव घातलं. शेजारी सासूबाईंचं घातलं. त्यांच्या सासूबाईंचं माहेरचं नाव दिरालाही आठवेना.

लोक जमले. टी-शर्टवर आडनाव छापलेले चुलते-मावसे फोटो काढू लागले, कुणीतरी म्हणालं किती सुंदर अक्षरं. विहीणबाई आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घरी गेल्यावर हे सॉफ्टवेअरमध्ये भरते. मला खरंच बरं वाटलं. मी त्यांना सॅलडची ताटली धरायला दिली.

काल सुनेने फोनवर नवा चार्ट दाखवला. 'अननोन' गेलंय. माझं नाव अगदी बरोबर आहे, इंग्रजी स्पेलिंगसकट.

आडनाव: पटेल.