शाळा हलवायची, तर आधी बस दाखवा

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना समूह शाळेत न्यायचं, यावर महाराष्ट्रात 2023 पासून वाद चालू आहे. घरच्या ग्रुपवर हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अमेरिकेतही लहान शाळा एकत्र केल्याच ना?" केल्या. आयोवातल्या आमच्या छोट्या गावाच्या हायस्कूलमध्येही शेजारच्या गावांची मुलं येतात. पण हा दाखला अर्धाच दिला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

इथे दोन स्कूल डिस्ट्रिक्ट (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) एक करायचे तर आधी गावकरी मतदान करतात. शाळेचा कारभार पाहणारं बोर्डही त्यांनीच निवडून दिलेलं असतं आणि त्याची बैठक कुणालाही ऐकता येते. अशाच एका बैठकीत तिसरीचा वाचनाचा निकाल घसरल्याचा विषय होता. वर्गात मुलं पंधरा, म्हणजे एकजण मागे पडला तरी टक्केवारी जवळजवळ सातने खाली येते. डिस्ट्रिक्टच्या प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडेंट बाईंनी मागे पडलेल्या मुलांचं एकेक करून काय अडतंय ते सांगितलं आणि सकाळचा जादा तास कोण घेणार ते तिथेच ठरलं. आपल्याकडे एवढ्याच मुलांच्या शाळेवर 'दर्जा नाही' असा शिक्का बसतो, आणि तिथला गुरुजी मात्र निवडणुकीच्या कामाला जुंपलेला असतो.

आणि बस. प्राथमिक शाळेतलं मूल दोन मैलांपेक्षा लांब राहत असेल, तर त्याची ने-आण करणं आयोवाच्या कायद्याने डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. पिवळी बस शेताच्या तोंडाशी येते, तिच्या कडेचा लाल फलक उघडतो, मागची-पुढची वाहनं थांबतात आणि मगच मूल रस्ता ओलांडतं.

इथेही सगळं सुरळीत नाही. विज्ञानाला शिक्षक मिळत नाहीत, काही मुलांचा रोज तासभर बसमध्येच जातो, आणि मूल मोठ्या गावच्या शाळेत गेलं की त्याच्यामागे मिळणारं अनुदानही जातं.

आपल्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं आहे. ती लांब न्यायची असेल, तर धनगरवाड्यावरच्या सात वर्षांच्या मुलीची बस कुठवर येणार, जुलैत ओढा भरल्यावर तिला कोण पलीकडे नेणार, बस बंद पडली तर दुसरी कुठून येणार, हे आधी लिहून ग्रामसभेत वाचा. पटाचं मग बोलू.