चोर आधी गेला, मग आला

आमच्या सोसायटीत काही चोरीला गेलं की लोक पोलिसांकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात. कॅमेऱ्यांचा पासवर्ड माझ्याकडे आहे ना! मागच्या सेक्रेटरींनी तो माझ्या हातावर टेकवला आणि ते मुलाकडे कॅनडाला निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद नातवाला भेटण्याचा असावा असं तेव्हा मला वाटलं होतं.

जिन्याखालच्या खोलीत एक मॉनिटर आहे, एक म्हातारा पीसी आहे आणि पडद्यावर चार गुणिले चार अशा सोळा चौकटी. कॅमेरे बसवणाऱ्या पोराने जाताना सांगितलं, "एकदम सोप्पंय काका. चौकटीवर डबल क्लिक, मोठी होते. परत डबल क्लिक, परत छोटी." पण आमचा पीसी पडला निवांत स्वभावाचा. दोन क्लिकच्या मध्ये माउस केसभर जरी सरकला तरी त्याला वाटतं, मला ती चौकट उचलून शेजारी ठेवायची आहे. मग मेन गेटच्या जागी लिफ्ट येते आणि लिफ्टच्या जागी गेट. आमचे वॉचमन कॅमेऱ्यांची नावं वाचत नाहीत, जागा पाठ करतात. एकदा त्यांनी रात्रभर डोळ्यांत तेल घालून लिफ्टवर पहारा दिला आणि सकाळी रिपोर्ट दिला, "साहेब, गेटातून एकपण गाडी आली नाही."

आता हेल्मेटचं प्रकरण. बी-विंगच्या काकूंच्या मुलाचं हेल्मेट पार्किंगमधून रात्री गेलं. काकू, मुलगा, चेअरमन आणि काही काम नसलेले दोघे असे सगळे त्या खोलीत कोंबून उभे राहिले. सोळा चौकटी एकदम दाखवताना पीसीवर ताण नको म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येकीत हलक्या प्रतीचं चित्र दाखवतं, जेमतेम एक लाख ठिपक्यांचं. चौकट मोठी केली की मग वीस लाख ठिपक्यांचं खरं चित्र येतं. हे मी समजावून सांगेपर्यंत काकूंनी त्या धुरकट ठिपक्यांतून तीन जण ओळखलेसुद्धा. तिघांचाही मेंटेनन्स थकलेला होता, हा योगायोग.

मग प्लेबॅकला, म्हणजे रात्रीचं रेकॉर्डिंग बघायला, चार चौकटी लावल्या. त्यांतली जी निवडलेली असेल तिला बारीक पिवळी कड येते, आणि पुढे-मागे करण्याची बटणं फक्त तिचंच ऐकतात. ती कड दिसायला चाळिशीच्या आतले डोळे लागतात. मी पार्किंग समजून पाण्याची टाकी आठपट वेगाने पळवली. टाकीत काही फरक पडला नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी सापडला! पार्किंगच्या चौकटीत २ वाजून १४ मिनिटांनी एक माणूस हेल्मेट उचलतो. आणि गेटच्या चौकटीत तोच माणूस तेच हेल्मेट घेऊन २ वाजून ९ मिनिटांनी बाहेर पडतो. खोलीत शांतता. चेअरमन म्हणाले, "म्हणजे दोघं होते." दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवलेली नसली की असं होतं, हे मी सांगून पाहिलं. पण टोळीचा सिद्धांत एव्हाना तिसऱ्या मजल्यावर पोचला होता.

"जॅकेट पांढरं होतं," काकू म्हणाल्या. तेही खरं नव्हे. रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात बघतो आणि काळं कापडसुद्धा बऱ्याचदा पांढरंफटक दाखवतो. म्हणून मी चेहरा नीट दिसावा यासाठी ती चौकट मोठी करायला गेलो, तेवढ्यात सगळ्यांच्या वर एक नवीनच खिडकी टपकन उघडली. हालचाल दिसली की आपोआप उघडणारी. आत पूर्ण पडदाभर एक कोळी, कॅमेऱ्याच्या काचेवर पाय पसरून. उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी येतो आणि कोळ्याला अलार्म. खिडकी बंद केली. कोळी हलला. खिडकी उघडली.

हेल्मेट मिळालं नाही. पुढच्या मीटिंगला मात्र एकमताने ठराव झाला, आणखी चार कॅमेरे. मी म्हटलं, आपला रेकॉर्डर सोळाच कॅमेऱ्यांचा, तो भरलाय, पुढचा बत्तीसचा घ्यावा लागेल. आणि या सॉफ्टवेअरमध्ये सोळानंतर थेट पंचवीस चौकटींची मांडणी येते, वीसची नाही. चेअरमनांनी मान डोलावली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग पाच रिकाम्या कशाला ठेवायच्या?"