मांडू राहिलं, त्याची गोष्ट

मैत्रीण पुण्याहून इंदूरला माझ्याकडे एकटी गाडी चालवत आली. धुळे, शिरपूर, सेंधवा करत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. मला तिचं कौतुकच आहे. तिच्या फोनमधल्या यादीचं मात्र नाही. शनिवारच्या एका दिवसात महू, जानापाव, महेश्वर, सहस्रधारा, मांडू आणि 'वेळ उरला तर धार'. मी म्हटलं, अगं, हे बघणं आहे की हजेरी लावणं?

सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. (तिने पोह्यांवर भुरभुरतात त्या जीरावण मसाल्याला चाट मसाला म्हटलं. पाहुणी म्हणून सोडून दिलं.) महूला बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर डोकं टेकवलं. जानापाव मी बोलता बोलता मागे टाकलं, तिच्या लक्षात आलं तेव्हा मानपूर गेलं होतं. मग घाट उतरलो. इथे माळवा संपतो आणि निमाड लागतो, हे पाटी बघून कळायची गरज नाही. अंगातला स्वेटर आपोआप निघतो, शेतांत कापूस दिसायला लागतो.

महेश्वरच्या वाड्यात शिरलो. लाकडी खांब, चौक, ओसरी, अहिल्याबाईंची पांढरी गादी. दोन-चार मिनिटांत बघून झालं आणि बाई म्हणाल्या, "एवढंच?"

खरं सांगू? मला हा प्रश्न फार आवडतो. इंदूरच्या सात मजली राजवाड्यासमोर कोणी असं विचारत नाही. महेश्वरला विचारतात, आणि तिथूनच महेश्वर सुरू होतं. जिने १७६७ ते १७९५ राज्य चालवलं, १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, गयेचं विष्णुपद बांधलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा केल्या, तिचं स्वतःचं घर आपल्या कोकणातल्या एखाद्या बऱ्या वाड्याएवढं. आणि या दानधर्माचा मोठा भाग दौलतीतून नाही, खासगीतून. होळकरांकडे राज्याचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, दोन्हींचे हिशेब वेगळे. मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमच्या सोसायटीपेक्षा बरं." तिथे मी हात टेकले.

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माची त्रिशताब्दी झाली तेव्हापासून गर्दी वाढलीय, वाढू दे. पण या वाड्याला भव्य करायची हौस कोणाला येऊ नये. त्या 'एवढंच'ला हात लावू नका, इतकंच माझं मागणं.

मग नर्मदेच्या घाटावर उतरलो. दगडी पायऱ्या, वर किल्ल्याची भिंत, पात्रात मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ. बसलो. अडीच वाजले तशी ती उठली, मांडू गाठायचं म्हणून. गाडी माझी होती आणि चावी माझ्या पर्समध्ये. मी उठले नाही. चिडली. थोडी नाही, चांगलीच. "मी साडेपाचशे किलोमीटर नदी बघायला आले नाही," असं म्हणाली. मी म्हटलं, मग कशाला आलीस?

तेवढ्यात सांगलीकडचं एक जोडपं शेजारी टेकलं. पांढरे कपडे, खांद्याला झोळी, परिक्रमेतले. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं, मध्ये ओलांडायची नाही. दक्षिणेच्या काठाने समुद्रापर्यंत गेले होते आणि आता उत्तरेच्या काठाने अमरकंटककडे निघाले होते. काकूंच्या टाचांना भेगा होत्या. मैत्रिणीने आपल्या बॅगेतलं मलम काढून दिलं आणि मग तासभर त्यांनाच प्रश्न विचारत बसली. मांडूचं नाव नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं, धूर सोडणारं यंत्र वगैरे घेऊन. कॅमेरावाला त्या काकांना म्हणाला, "अंकल, थोडा साइड में." ज्यांनी दीड हजार किलोमीटरच्या वर पायी काटलं त्यांनी साइडला व्हायचं! काका "नर्मदे हर" म्हणून हसत सरकले. मी हसले नाही, बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, आमच्या इंदुरी हिंदीत बोलले.

उतरत्या उन्हात एका विणकराच्या घरी गेलो. माग चालू होता. महेश्वरीच्या काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडातून आलीय: चटई, वीट, लहर. सकाळी बघितलेल्या भिंतीच मागावर. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, त्याला बुगडी म्हणतात, म्हणजे साडी उलटसुलट कशीही नेसा. मैत्रिणीने मोरपंखी घेतली, मग आईसाठी एक, मग वहिनीसाठी एक. तिथे घड्याळ बघितल्याचं मला आठवत नाही.

परतताना घाट चढताना अंधार झाला. ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सरकताना मी तिला सांगितलं, हवा स्वच्छ असली तर मांडूच्या रूपमती मंडपातून नर्मदा पांढऱ्या रेघेसारखी दिसते. तू आज त्या रेघेत पाय सोडून बसली होतीस. ती काही बोलली नाही. झोपली होती.

काल फोन आला. श्रावणात येतेय. यादी तयार आहे: मांडू, धार, बाघची लेणी. एका दिवसात.