सिल्की, कोचीन, कडकनाथ: त्या यादीला आमच्या खुराड्यातून उत्तर

'मुलांचा मोबाईल सोडवायचाय? या कोंबड्या पाळा' अशी एक यादी सध्या फिरतेय. मला ती तीन ग्रुपांवर आली. थोडक्यात तिचं म्हणणं असं: सिल्की सगळ्यात लाडिक आणि कुठेही राहते. कोचीन आपल्या केरळातली, म्हणून आपल्या हवेला सोसणारी. कडकनाथ शांत, वर काळी अंडी देते. असील माणसावर धावून येतो, दारात उभा करू नका. गावठी कोंबडी कधीच माणसाळत नाही. आणि पिल्लू एकच आणा, म्हणजे मुलांना लळा लागतो.

कोंबड्या जरूर पाळा. आमच्याकडे चिपळूणजवळच्या घरी सात वर्षं आहेत. फक्त ही यादी हातात घेऊन बाजारात जाऊ नका.

सिल्की लाडिक आहे, हे शंभर टक्के खरं. मांडीवर घेतली की पाय दुमडून बसते आणि डोळे मिटते. 'कुठेही राहते' हे मात्र ज्याने लिहिलं त्याने कोकणातला पाऊस पाहिलेला नाही. इतर कोंबड्यांच्या पिसांचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे पाणी वरच्यावर घरंगळून जातं. सिल्कीच्या पिसांत ती अडकण नीट नसते. म्हणून ती मऊ लागते आणि म्हणूनच भिजते. पहिल्याच आषाढात आमची एक पडवीतून उतरून पाच-सहा पावलं अंगणात गेली आणि परत आली ती अर्धी होऊन. पिसं अंगाला चिकटलेली, मधून निळसर काळी कातडी दिसतेय, अंग लटलट कापतंय. टॉवेलने टिपून चुलीशेजारी डालग्याखाली ठेवली, तेव्हा तासाभराने आवाज फुटला. तिच्या डोक्यावरचा झुपकाही डोळ्यांवर येतो. वरून घार आली तरी हिला पत्ता नाही. आम्ही तो कात्रीने कापतो. तिला छप्पर आणि कोरडी जमीन देता येत असेल तर खुशाल आणा. अंड्यांची आशा मात्र फार धरू नका, कारण ती सारखी खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. त्याचाही उपयोग आहे म्हणा: गावठीची अंडी तिच्याखाली सरकवा, परकी आहेत असं तिच्या मनातही येत नाही.

कोचीनचा कोचीशी काडीचा संबंध नाही. हा पक्षी चीनचा. १८४०च्या दशकात तो इंग्लंडात पोचला आणि 'कोचीन-चायना' हे आजच्या दक्षिण व्हिएतनामचं जुनं युरोपीय नाव त्याला चिकटलं. ब्रह्मा या जातीचंही तसंच: नाव ब्रह्मपुत्रेचं, जात घडली अमेरिकेत. दोन्ही स्वभावाने गरीब गाय, यात वाद नाही. पण अंगभर दाट पिसं, पार पायाच्या बोटांपर्यंत. आमच्या लाल चिखलात त्या बोटांना गोळे लागतील, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ती चोच उघडून धापा टाकत बसेल.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मांस काळं, कातडी काळी. अंडं मात्र फिकट बदामी. काळं अंडं कुणी दाखवलं तर ते रंगवलेलं आहे. २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरकडे या नावावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, तेव्हा निदान आपण तरी या नावाला भुलायला नको. ती शांतही नाही. चपळ, बुजरी, संध्याकाळी फणसावर जाऊन बसणारी. बघायला देखणी, पण पोराच्या कडेवर राहणार नाही.

असीलबद्दल निष्कर्ष बरोबर, कारण चूक. नाव 'अस्सल'च्याच कुळातलं, आणि माणसाशी तो बहुधा सरळ असतो. पिढ्यानपिढ्या झुंजीवाल्यांनी त्याला हातात, मांडीवर घेऊन वाढवलंय. राग आहे तो दुसऱ्या कोंबड्यावर. पिल्लं काही आठवड्यांची होताच एकमेकांची डोकी फोडतात. ते रक्त लहान मुलांनी बघायचं का, हा प्रश्न आहे.

आता गावठी, जिच्यासाठी मुळात लिहायला बसले. ती माणसाळत नाही, कारण तिला आपला हात लागतो तो डालग्यातून काढून विकायला किंवा कापायला. दुसरं काय शिकणार ती? पहिल्या आठवड्यापासून रोज तळहातावर तांदळाची कणी द्या. हात वरून आणायचा नाही, कारण वरून येते ती घार. बाजूने, जमिनीलगत आणायचा. आमची तांबडी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अशीच वाढली, आता ओटीवर येऊन मुलाच्या दप्तरात चोच घालते. गिरिराज किंवा वनराज मिळाली तर तीही चालेल. पहिली बंगळुरूची, दुसरी हैदराबादची पैदास, दोन्ही अंगाने जड आणि स्वभावाने संथ.

एकच पिल्लू आणणं हा तर त्या पिल्लाचा छळ आहे. एकटं पिल्लू रात्रभर चिवचिवतं. किमान तीन आणा, पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास ऊब मिळेल असा बल्ब लावा, आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब घालून करून घ्या. हात लावल्यावर साबणाने धुणं हे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवा. जत्रेतली गुलाबी-हिरवी पिल्लं मात्र अजिबात नकोत. ती बहुतेक अंड्यांच्या जातींची, हॅचरीला नको असलेली नर पिल्लं असतात.

पिल्लांतून कोंबडा निघाला तर काय, याबद्दल यादीत शब्दही नाही. तीन पिल्लांत एखादा बहुधा निघतोच, आणि दीड-दोन महिन्यांत तुरा लाल होईपर्यंत आपल्याला कळत नाही. अंड्यांसाठी त्याची गरज नसते. शेजाऱ्यांना पहाटे चारला तर मुळीच नसते. आमच्याकडे निघालेल्याचं मुलाने नाव ठेवलं, बाजीराव. पुढे राखणीचा, म्हणजे राखणदाराला कोंबडा द्यायचा दिवस आला. घरातला कोंबडा असताना विकतचा कशाला, असं मीच म्हणाले. सासूबाईंनी बाजीरावाकडे बघितलं, मग नातवाकडे. "नाव घेतलं की वळून बघतो तो," म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन बाजारात गेल्या.