तात्यांना पोचवताना घ्यायची काळजी

घरातलं कोणी गेलं, की रडायची घाई करू नका. आधी दार उघडं ठेवा, कारण सोसायटीतले तिरडीतज्ज्ञ निघालेले असतात. त्यांना बोलवावं लागत नाही. एरवी टाकी धुण्याच्या वर्गणीला दार न उघडणारा गृहस्थ अशा वेळी स्वतःची सुतळी घेऊन येतो. बांबू ओला आहे, कामट्या कमी आहेत, गाठ उलटी बसली, हे सगळं त्याला बोलू द्या. दुसरा तज्ज्ञ आला (येतोच), तर दोघांना दोन टोकांना बसवा. आमच्याकडे 'आमच्यात असं बांधत नाहीत' यावर वीस मिनिटं गेली.

तिरडी बांधून झाली, की ती लिफ्टमध्ये मावत नाही हे लक्षात येतं. म्हणून ती खालीच बांधा आणि माणसाला खुर्चीतून आणा. आम्ही तात्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, पंचानं पाठ बांधली, अंगावर शाल घातली आणि चौथ्या मजल्यावरून निघालो. दुसऱ्यावर लिफ्ट थांबली. दारात रिकामी पिशवी घेतलेल्या काकू.

"अगंबाई, तात्या! उतरला का ताप? बरं केलंत, जरा खाली फिरून या."

कोणी बोलेना. शेवटी चुलतभाऊ म्हणाला, "हो, निघालेत." दार मिटलं. तो खोटं बोलला असं कोणी म्हणू शकणार नाही.

डॉक्टरांचा दाखला मुलाच्या खिशात देऊ नका. तो ऐनवेळी धोतर नेसतो आणि पँट घरी खुंटीला राहते, दाखल्यासकट. मग स्मशानात पासाच्या खिडकीपाशी सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात, आणि तेवढ्या वेळात श्रद्धांजलीच्या भाषणांना ऊत येतो. वक्ता 'तात्या आणि मी' असं म्हणून सुरू झाला, की दुसऱ्या वाक्यापासून तात्या गळतात. आपल्यामागे लोक काय बोलतात ते ऐकायची फारच हौस असेल तर आगरकरांचा मार्ग धरा. पुण्यातल्या विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा ते हयात असतानाच काढली होती. मात्र त्यासाठी आधी सुधारक व्हावं लागतं.

आता अस्थी. मरायचंच असेल तर पाऊसपाणी बघून मरा. २०१६च्या उन्हाळ्यात नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं होतं आणि टँकरनं पाणी आणावं लागलं होतं. सोसायटीला टँकर, मोक्षालाही टँकर. काहींना नदी नको असते, शेत हवं असतं. नेहरूंनी मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलं होतं आणि १९६४ साली त्यांची बरीचशी रक्षा विमानातून शेतांवर टाकली गेली. तुमच्याकडे विमान नसेल, तर बांधावर उभं राहून आधी चिमूटभर माती सोडा, वारा कुठला आहे ते बघा, आणि त्यानंतर काही वेळ तोंड उघडू नका. बाबा कायम तुमच्यात राहतील, पण इतके नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डब्यावर नाव लिहा. राख सावडून आणली की ती घरात घेत नाहीत, म्हणून आम्ही स्टीलचा डबा गाडीच्या डिकीत ठेवला होता. 'सुतकात तुम्ही काय करणार' म्हणून मावशीनं दिलेला डबाही तिथेच होता. रात्री एक डबा वर गेला. पहाटे साडेचारला आम्ही दुसरा घेऊन निघालो, पुण्याहून नाशिक, दोनशेच्या वर किलोमीटर. रामकुंडावर गुरुजींनी झाकण काढलं. चिमूट बोटांत धरली, चोळली, वास घेतला.

"नाचणी," म्हणाले.

भावानं घरी फोन लावला. काकूचा आवाज अगदी नेहमीचा. "अरे, पीठ फारच जाडसर दळलंय. मावशीनं गिरणी बदलली वाटतं. चाळायला घेतेय."

"आई, चाळू नकोस," भाऊ म्हणाला. "काहीच करू नकोस. ते बाबा आहेत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. डब्याला चिकटपट्टी लावली होती.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळ्यासमोर बोलताना मात्र जपून. पिंडाला कावळा शिवेना, की नातेवाईक एकेक करून पुढे होतात आणि मोठ्यानं वचनं देतात. धाकट्याचं शिक्षण बघू, भावाशी बोलू, गावची जमीन विकणार नाही. ऐकायला कावळा असतो तसे साक्षीदारही असतात, याचं भान ठेवा. आमच्या थोरल्यानं फ्लॅटमधला वाटा बहिणीला कबूल केला, तरी कावळा झाडावरच. तासाभरानं गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात वरचा खाली उतरला, तात्यांच्या पिंडाला वळसा घातला आणि पलीकडच्या कुटुंबाच्या पानावर जाऊन बसला.

काकूनं डोळ्यांना लावलेला पदर काढला.

"यांना पहिल्यापासून शेजारच्याच घरचं गोड लागायचं."